टार्टनच्या किल्टवर नक्षीचा स्वेटर: दोन नक्ष्यांमधलं अंतर कसं राखायचं

किल्टवर, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या निऱ्यांच्या, घागऱ्यासारख्या पोशाखावर, काय घालू, असं एडिंबरा किंवा ग्लासगोतल्या दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: समारंभ असेल तर जॅकेट, नाहीतर एकरंगी जम्पर, म्हणजे स्वेटर. सल्ला चुकीचा नाही, फक्त फार सावध आहे. ज्या देशात टार्टन, म्हणजे किल्टचं चौकडीचं लोकरी कापड, विणलं गेलं त्याच देशाच्या बेटांवर सुयांवरच्या लोकरी नक्ष्यांची एक थोर कला वाढली, आणि दोन्ही एकत्र घालायचा मोह थंडीत प्रत्येकाला कधी ना कधी होतोच.

मोह झाला की बहुतेक जण रंग जुळवायला बसतात. किल्टमध्ये बाटलीसारखा हिरवा, मग स्वेटरमध्येही नेमका तोच शोधायचा. माझ्या मते रंग हा शेवटचा प्रश्न आहे. आधी बघायचं ते दोन नक्ष्यांमधलं अंतर, आणि ते चार प्रकारचं असतं. आकाराचं, म्हणजे एक मोठी आणि एक बारीक. आकृतीचं, म्हणजे एकीत चौकडी तर दुसरीत फुली, चांदणी किंवा नुसता पीळ. उजेडाचं, म्हणजे एक गडद आणि एक फिकी. आणि अंगावरच्या जागेचं, म्हणजे नक्षी किल्टला अगदी चिकटून आहे की खांद्यापाशी लांब आहे. यांतली दोन अंतरं चांगली मोठी असली तर उरलेल्या दोघांत थोडी ढिलाई चालते. आपल्याकडे चौकड्यांच्या लुगड्यावर खणाची चोळी शोभते ती याच हिशेबाने: चौकडा मोठा, बुट्टी बारीक, आणि काठाचा एखादा रंग दोन्हीकडे.

हे सगळं साध्या, बिनसमारंभी पेहरावाबद्दल आहे. मरेफील्डवरचा रग्बीचा सामना, रविवारची लांब पायपीट, पबमधली संध्याकाळ, २५ जानेवारीचं, कवी रॉबर्ट बर्न्सच्या आठवणीतलं मित्राच्या घरचं बर्न्स सपर. लग्नाच्या आमंत्रणावर ब्लॅक टाय लिहिलं असेल तर स्वेटर कपाटातच ठेवा.

आणि परंपरा मोडते की काय, ही भीती नको. कुळागणिक वेगळं टार्टन ही कल्पना पक्की झाली ती १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला त्या सुमारास. त्याआधी १७४६ च्या कायद्याने डोंगराळ भागातल्या पुरुषांचा हा पोशाखच बंद केला होता आणि १७८२ मध्ये ती बंदी उठली. दुसरीकडे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांचा वारसा नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियन. तिथे कुळं आणि किल्ट हा प्रकार मुळात नव्हताच. म्हणजे तिथल्या फेअर आइल बेटाचा रंगीत आडव्या पट्ट्यांचा स्वेटर आणि टार्टनचा किल्ट यांची गाठ अलीकडच्या काळात पडली. त्यांनी एकत्र कसं वागावं याचा जुना नियमच नाही.

आधी किल्ट नीट बघा

किल्ट पलंगावर पसरा आणि हातात टेप घ्या. टार्टनची नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा सुरू होते. त्या एका पूर्ण फेऱ्याला सेट म्हणतात. पुढच्या सपाट भागावर, म्हणजे एप्रनवर, एखादी ठळक रेघ धरा आणि तशीच रेघ पुन्हा कुठे येते ते मोजा. बहुतेक किल्टमध्ये हा फेरा ५ ते ८ इंचांचा असतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग रंग क्रमाने लिहून काढा: सर्वांत जास्त जागा व्यापणारा, त्याखालोखालचा, आणि शेवटी ती एक-दोन धाग्यांची बारीक रेघ. ही बारीक रेघच आपल्या सर्वांत कामाची.

एकच टार्टन वेगवेगळ्या रंगछटांत मिळतं, हे नवख्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. मॉडर्न म्हणजे गडद, भरीव रंग. १८५६ नंतर आलेल्या कृत्रिम रंगांनी जे खोल निळे-हिरवे शक्य झाले, ते. एन्शंट म्हणजे वनस्पतीच्या रंगांची आठवण करून देणारी फिकी छटा. निळा आकाशी होतो, हिरवा शेवाळी, लाल नारिंगीकडे झुकतो. वेदर्ड म्हणजे ऊनपावसात विटल्यासारखी, तपकिरी-करडी छटा. नावं ऐकून एन्शंट जुनं आणि मॉडर्न नवं असं समजू नका. दोन्ही आजच्याच मागावरचे रंग आहेत. स्वेटर निवडताना कुळाच्या नावापेक्षा ही छटा कितीतरी जास्त महत्त्वाची.

किल्ट उलटा करून निऱ्याही बघा. निऱ्या दोन प्रकारे घालतात. एकात मागच्या बाजूलाही टार्टन अखंड दिसेल अशा रीतीने घड्या जुळवतात. दुसऱ्यात प्रत्येक निरीच्या मध्यावर एकच पट्टी येईल असं बघतात; हा लष्करी रिवाज. गॉर्डन हायलँडर्सच्या किल्टमध्ये पिवळी रेघ अशी प्रत्येक निरीवर उभी राहायची. अशा किल्टची पाठ चौकडीची न दिसता उभ्या पट्ट्यांची दिसते, आणि वर आडव्या पट्ट्यांचा फेअर आइल असला तर मागून उभं-आडवं असा जोरदार विरोध दिसतो. मला तो आवडतो. पण आरशासमोर फक्त पुढूनच बघणाऱ्याला तो कळतच नाही, म्हणून पाठमोरा फोटो काढून घ्या.

शेवटची गोष्ट कापडाचं वजन. किल्टच्या कापडाचं वजन वारामागे औंसांत सांगतात: १० ते ११ हलकं, १३ मध्यम, १६ जड. पूर्ण पारंपरिक किल्टला एकेरी पन्ह्याचं सुमारे ८ वार कापड लागतं, त्यामुळे १६ औंसांचा किल्ट अंगावर चांगलाच भारदस्त बसतो. त्यावर पातळ मेरिनो लोकरीचा स्वेटर घातला की वरचा अर्धा माणूस बारीक आणि खालचा अवजड दिसतो. जड किल्टवर जाड वीण, १३ औंसांवर शेटलंडची बारीक लोकर, असं साधारण गणित ठेवा.

कमरेची रेघ: इथेच बहुतेकांचं फसतं

नक्षी कितीही हुशारीने निवडली तरी स्वेटरची लांबी चुकली की सगळं वाया जातं. किल्ट पँटसारखा ओटीपोटावर नेसत नाहीत. तो बेंबीच्या उंचीला किंवा थोडा वरच, खऱ्या कमरेवर येतो आणि खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत किंवा तिच्या वरच्या टोकाशी थांबते. बाजारातले स्वेटर मात्र पँटच्या हिशेबाने केलेले असतात, त्यांची खालची पट्टी थेट नितंबांवर जाऊन बसते. किल्टवर असा स्वेटर घातला की कमरेपासून नितंबांपर्यंत शिवून बसवलेला निऱ्यांचा भाग, ज्यामुळे किल्टला घाट येतो, तोच झाकला जातो. पाय आखूड दिसतात, धड लांब दिसतं, आणि दोन नक्ष्या अगदी रुंद भागावर एकमेकींना भिडतात.

म्हणून स्वेटरची कड किल्टच्या वरच्या काठाखाली दोन ते तीन इंचांवर थांबली पाहिजे. हात वर केला तरी शर्ट दिसू नये एवढं झाकणं हवं, त्यापलीकडे नको. असा स्वेटर मिळवायचे तीन मार्ग आहेत.

पहिला, आखूड अंगाचा शोधायचा. जुन्या बाजारातले सत्तरच्या दशकाआधीचे स्वेटर अनेकदा आखूड असतात, कारण तेव्हा पँटही उंच कमरेच्या होत्या.

दुसरा, खालची रिबची पट्टी आत दुमडायची. लोकर बारीक असेल तर हे बेमालूम जमतं. जाड पिळांच्या अॅरन स्वेटरमध्ये मात्र कमरेभोवती टायर चढवल्यासारखं दिसतं, तेव्हा तिथे प्रयत्नच करू नका.

तिसरा, विणता येत असेल किंवा विणणारं कोणी घरात असेल तर मापाने विणून घ्यायचा. काखेपासून खालचं माप नेहमीपेक्षा दोन-तीन इंच कमी धरायला सांगा आणि खालची एक सुलट एक उलट पट्टी घट्ट, बारीक सुयांवर. ती पट्टी कमरेवर धरून राहिली पाहिजे, लोंबता कामा नये.

पट्टा काढून टाका. किल्ट बाजूच्या कातडी बंद-बकलांवर टिकतो, रुंद पट्टा आणि मोठं बकल शोभेचं. स्वेटरखाली त्या बकलाचा उंचवटा येतो आणि विणीवर घासून तिथेच लोकरीच्या गोळ्या धरतात. स्पोरनचा, म्हणजे पुढे लटकणाऱ्या बटव्याचा, बंद मात्र लागतोच, आणि तो स्वेटरच्या आतून जाऊ द्या. साखळीपेक्षा कातड्याचा बंद बरा. साखळीच्या कड्यांत टाके अडकतात. स्वेटरची कड आणि स्पोरनचं वरचं टोक यांत दोन बोटांचं टार्टन दिसलं पाहिजे. एवढीशी फट दिसायला क्षुल्लक वाटते, पण स्वेटरनं स्पोरनचं डोकं झाकलं की ते पोटाखाली अडकवलेल्या पिशवीसारखं दिसू लागतं. गरज पडली तर बंद एक भोक सैल करा. आणि स्पोरन साधं, दिवसा वापरायचं तपकिरी किंवा काळं कातडी हवं. केसाळ किंवा चांदी मढवलेलं स्पोरन नक्षीच्या स्वेटरशेजारी तिसरं भांडण उभं करतं.

सोप्याकडून अवघडाकडे: कोणता स्वेटर

सुरुवात अॅरनपासून करा. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवे उपसागरातल्या अॅरन बेटांचा हा स्वेटर बहुधा दुधाळ रंगाचा असतो आणि त्यातली सगळी नक्षी उंचसखलपणाची: पीळ, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, चौकटी. रंग एकच असल्यामुळे टार्टनशी त्याचं भांडण होऊच शकत नाही, आणि तरी अंगावर नुसतं सपाट काही घातल्यासारखं वाटत नाही. प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असायची आणि त्यावरून बुडालेल्या कोळ्याची ओळख पटायची, ही कथा दुकानदार अजून रंगवून सांगतात. ऐकून घ्या, स्वेटर आवडला तर घ्या, कथेचे जास्त पैसे देऊ नका. अडचण एकच: अॅरन जाड असतो, म्हणून पोटाचा घेर असलेल्यांनी मधल्या पट्टीत उभे पीळ असलेला निवडावा, पसरट जाळीचा नको.

त्याच जातीचा, पण मला जास्त आवडणारा म्हणजे गॅन्सी. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा हा कामाचा कपडा. गर्द निळ्या लोकरीचा, बारीक सुयांवर इतका घट्ट विणलेला की वारा सहजासहजी शिरत नाही. बाह्य हेब्रिडीजमधल्या एरिस्के बेटावरच्या गॅन्सीची वीण विशेष देखणी असते. उलट-सुलट टाक्यांनीच सगळी नक्षी उठवलेली, त्यामुळे दहा पावलांवरून तो एकरंगी वाटतो आणि जवळ आल्यावर उलगडतो. अंगालगत बसतो, कमरेवर फुगत नाही. एकच स्वेटर घ्यायचा असेल तर हा घ्या.

यानंतर रंगीत नक्षीत शिरायचं तर गळ्याभोवती गोल नक्षी असलेला योक स्वेटर. आइसलंडचा लोपापेइसा याच घाटाचा, आणि शेटलंडमध्येही असे विणतात. इथे जागेचं अंतर कामाला येतं: नक्षी खांद्यांवर, मध्ये फूटभर साधी लोकर, मग टार्टन. त्यामुळे रंगांत थोडं धाडस करता येतं. नॉर्वेच्या सेटेसडाल खोऱ्यातला काळा-पांढरा स्वेटरही इथेच बसतो. त्याच्या अंगावर एकेका पांढऱ्या टाक्याचे ठिपके विखुरलेले असतात आणि ठसठशीत नक्षी खांद्या-मनगटांपाशी असते. ठिपके इतके बारीक की लांबून ते नक्षी न वाटता कापडाचा पोत वाटतात.

आता फेअर आइल. ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मधोमध असलेलं हे बेट जेमतेम तीन मैल लांब, वस्ती काही डझन माणसांची, आणि नाव मात्र जगभरच्या विणकामाला मिळालेलं. खऱ्या फेअर आइलमध्ये एका ओळीत दोनच रंग असतात. न वापरलेला धागा मागून नेतात, म्हणून वीण दुहेरी आणि उबदार होते. स्वेटरभर पाहिलं तर रंग सहा-आठ दिसतील, पण कुठल्याही एका ओळीत दोनच. ही शिस्तच त्याला टार्टनशेजारी उभं राहण्याची ऐपत देते.

फेअर आइल निवडताना पुन्हा टेप काढा. मोठ्या पट्टीत गोल आणि फुली आलटून पालटून येतात. बारीक शेटलंड लोकरीत तिची उंची साधारण दोन इंच भरते. मधल्या लहान नक्ष्यांना शेटलंडमध्ये पीअरी म्हणतात, म्हणजे चिमुकल्या. त्या अर्धा-पाऊण इंचाच्या. तुमच्या किल्टचा सेट ६ इंचांचा असेल तर दोन इंची पट्टी म्हणजे एकास तीन, आणि हे प्रमाण छान चालतं. पीअरीच पीअरी असलेला स्वेटर तर त्याहून सोपा. वाईट कधी? स्वेटरची पट्टी आणि टार्टनचा चौकोन जवळजवळ सारख्या मापाचे असतील तेव्हा. जाड लोकरीत, मोठ्या सुयांवर विणलेल्या फॅशनच्या दुकानातल्या फेअर आइलमध्ये हे हमखास होतं: पट्टी चार-पाच इंचांची होते आणि डोळ्याला कुठे थांबावं कळत नाही.

बाह्यांचा पूर्ण स्वेटर जड वाटत असेल तर बिनबाह्यांचा घ्या. नक्षीचं क्षेत्र एकदम अर्ध्यावर येतं, शर्टाच्या साध्या बाह्या दोन्ही बाजूंना विसावा देतात आणि वर ट्वीडचं आखूड जॅकेट चढवलं तर मधली एक चिंचोळी पट्टीच दिसते. मुळात पुरुषांच्या फॅशनमध्ये फेअर आइल आला तो गोल्फच्या मैदानावरून. पुढे आठवा एडवर्ड झालेला प्रिन्स ऑफ वेल्स १९२२ मध्ये सेंट अँड्र्यूजला रॉयल अँड एन्शंट क्लबचा कॅप्टन म्हणून तो घालून उतरला, आणि १९२५ मध्ये त्याच वेषातलं त्याचं चित्रही झालं. हा माणूस चौकडीवर नक्षी आणि नक्षीवर पट्टे घालायला कधी कचरला नाही, किल्टही हौसेनं घालायचा. त्याचे जुने फोटो बघण्यासारखे आहेत: नक्ष्या अनेक, पण मापं क्वचितच सारखी.

सर्वांत अवघड आर्गाइल, आणि लोक नेमकं तिथूनच सुरू करतात, कारण दोन्ही स्कॉटिश ना! हीच तर अडचण आहे. पूर्वी डोंगराळ भागातले मोजे टार्टनचंच कापड तिरकं कापून शिवायचे. चौकोन तिरका झाला की शंकरपाळ्याचा आकार येतो. पुढे तो आकार सुयांवर विणू लागले आणि हॉइक गावच्या प्रिंगलसारख्या कारखान्यांनी तो जगभर नेला. म्हणजे आर्गाइल हे तिरकं फिरवलेलं टार्टनच. दोघांत आकृतीचं अंतर जवळजवळ शून्य, आणि बहुधा मापाचंही. टार्टनच्या किल्टवर आर्गाइल स्वेटर मला अजून तरी पटलेला नाही. आर्गाइल हवाच असेल तर तो पायांवर, मोज्यांत, जिथे त्याचा जन्म झाला; आणि मग वरचा स्वेटर गॅन्सी किंवा अगदी साधा.

रंग, शेवटी का होईना

मघाशी लिहिलेली यादी काढा. स्वेटरमध्ये पुन्हा आणायचा रंग टार्टनच्या बारीक रेघेतला घ्या, मुख्य जमिनीचा नको. मुख्य रंगच नक्षीत आला की एकाच ताग्यातून कापल्यासारखा गणवेश दिसतो. बारीक रेघेचा रंग स्वेटरच्या एखाद्या पीअरीत दिसला तर मात्र दोघांची ओळख आहे एवढंच कळतं. एकच रंग पुरे. दोन रंग जुळले तर बरं, तीन जुळले तर संशय घ्या.

हा दोन्हीकडे येणारा रंगही तंतोतंत नको. मोहरीच्या पिवळ्याला हळदीचा पिवळा चालतो. निळे आणि हिरवे रंग या बाबतीत उदार आहेत, गर्द निळे तर फारच. लाल मात्र माफ करत नाही. शेंदरी लाल आणि डाळिंबी लाल शेजारी आले की दोन्ही मळके दिसतात, म्हणून टार्टनमध्ये लाल भरपूर असेल तर स्वेटरमध्ये लाल अजिबात नको. आणि ही पारख दुकानाच्या दिव्याखाली करू नका. किल्टचं कापड आणि स्वेटरची लोकर वेगवेगळ्या ठिकाणी रंगवलेली असते. दिव्याखाली जुळलेले दोन हिरवे ढगाळ उजेडात फटकून वागतात. दाराबाहेर जा, स्कॉटलंडमध्ये ढगाळ उजेडाची टंचाई नसते.

उजेड-अंधाराचं अंतर मोजायला फोन पुरतो. किल्टवर स्वेटर ठेवून फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. दोन्ही भाग एकाच करड्या छटेचे दिसले तर रंग कितीही गोड असोत, लांबून सगळं एकात एक मिसळणार.

काही नेहमीची टार्टन घेऊन बघू. ब्लॅक वॉच निळ्या-काळ्या-हिरव्याचं, इतकं गडद की रस्त्याच्या पलीकडून एकरंगीच वाटतं. म्हणून नक्षीच्या स्वेटरसाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. त्यावर मेंढीच्या नैसर्गिक रंगांतला, न रंगवलेल्या लोकरीचा फेअर आइल घाला: दुधाळ, करडा आणि ज्याला शेटलंडमध्ये मूरिट म्हणतात तो तांबूस तपकिरी. एकही रंग जुळत नाही आणि काही बिघडत नाही, कारण बाकीची सगळी अंतरं मोठी आहेत. गॉर्डन म्हणजे साधारण ब्लॅक वॉचवर पिवळी रेघ. तिथे मोहरीच्या पिवळ्याची एक पीअरी सोन्यासारखी काम करते.

रॉयल स्ट्यूअर्ट लालभडक आणि मोठ्याने बोलणारं. त्यावर दुधाळ अॅरन घालायचा मोह सगळ्यांना होतो. डिसेंबरात तो वेष नाताळच्या भेटकार्डासारखा दिसतो, हे गृहीत धरून घाला किंवा गर्द निळी गॅन्सी घ्या. कोळशाच्या रंगाचा योकही चालेल. पूर्ण रंगीत फेअर आइल इथे नको. मॅक्लाउड ऑफ लुईस तर पिवळ्या-काळ्या चौकड्यांचं. त्याच्या वाटेला नक्षी घेऊन जाऊच नये, काळा किंवा करडा पिळाचा स्वेटर पुरे.

वेदर्ड छटांत धोका उलटा असतो. तपकिरी-करडा किल्ट आणि तपकिरी-करडा नैसर्गिक स्वेटर ही जोडी कागदावर सुसंगत, अंगावर मात्र सगळं एकाच मातकट पट्ट्यात विरघळतं. इथे गर्द निळ्या जमिनीवर दुधाळ नक्षीचा स्वेटर घ्या. एन्शंट छटेच्या आकाशी-शेवाळी टार्टनवर याउलट मूरिट छान बसतो.

कुठलं टार्टन आपण घालावं, हा प्रश्न स्कॉटलंडमध्ये राहणारे मराठी मित्र हटकून विचारतात. कायद्याने बंधन नाही. ब्लॅक वॉच आणि रॉयल स्ट्यूअर्ट कोणीही घालतं, शहरांची आणि जिल्ह्यांची टार्टनंही आहेत. बाल्मोरल टार्टन तेवढं राजघराण्यासाठी राखून ठेवायचा रिवाज आहे. भाड्याने मिळणारे किल्ट बहुधा समारंभाच्या पूर्ण संचात येतात, त्यामुळे रोजच्या वापरासाठी जुना, चांगल्या वजनाचा किल्ट विकत घेणं परवडतं. बंद-बकलं सरकवून घेराचा थोडा फरक निभावता येतो.

शर्ट, मोजे, बूट

दोन नक्ष्या झाल्या की तिसरी नको, एवढं धरून चाललात तर उरलेलं पटकन उरकतं. शर्ट साधा: पांढरा, फिका निळा, किंवा जाड ऑक्सफर्ड कापडाचा. चौकडीचा फ्लॅनेल शर्ट कपाटातच राहू द्या. टाय हवाच असेल तर एकरंगी लोकरीचा.

मोजे एकरंगी, गुडघ्याखाली तीन-चार बोटांवर दुमडलेले. त्यांचा रंग स्वेटरमधल्या एखाद्या दुय्यम रंगातून घ्या. म्हणजे वरची नक्षी आणि खालचे पाय यांच्यामध्ये टार्टन धरलं जातं. शेवाळी, कोळशी, गर्द निळा, ओटच्या पिठाचा रंग हे सगळे चालतात. शुभ्र पांढरे मोजे मला भाड्याच्या संचाची आठवण करून देतात. दुधाळ अॅरनखाली दुधाळ मोजेही नकोत, माणूस मधोमध कापल्यासारखा दिसतो. मोज्यांच्या दुमडीखालून डोकावणाऱ्या फ्लॅश नावाच्या पट्ट्यांत मात्र ती बारीक रेघेची छटा आणा, शोभते. पायांत तपकिरी ब्रोग किंवा जाड तळाचे बूट. गुंडाळून घोट्यापर्यंत जाणारे गिली ब्रोगचे बंद आणि मोज्यात खोचायची स्कीअन डू ही छोटी सुरी समारंभासाठी राहू द्या.

वरून जॅकेट घालायचं तर ते किल्टसाठी आखूड कापलेलं हवं. साधा कोट निऱ्यांवर लोळतो. हेरिंगबोनची, म्हणजे माशाच्या काट्यासारखी, बारीक वीण पोत म्हणून खपून जाते, ठळक चौकडीचं ट्वीड नाही. फार नक्षी झाली असं वाटलं तर स्वेटर साधा ठेवून हात बघा: डमफ्रीसशायरमधल्या सँकर गावचे काळ्या-पांढऱ्या बारीक चौकटींचे हातमोजे ही सगळी हौस हातभर जागेत भागवतात.

दारातून बाहेर पडण्याआधी

पूर्ण कपडे घालून मोठ्या आरशापासून आठ-दहा पावलं मागे या आणि डोळे बारीक करा. नजर आधी कुठे जाते? स्वेटरवर गेली तर चालेल, किल्टवर गेली तर चालेल. दोघांमध्ये हेलकावे खात राहिली तर काहीतरी एक कमी करा. बहुतेक वेळा बाह्या. मग खुर्चीत बसा, कारण पबमध्ये उभं कोण राहतं? बसल्यावर स्वेटर पोटावर गोळा होतो का, स्पोरन कुठे जातं, हे घरीच बघितलेलं बरं. बसताना मागच्या निऱ्या हातानं सारख्या करायची सवयही लावून घ्या.

बायकांसाठी हाच हिशेब लागू आहे, फक्त टार्टनचा स्कर्ट बहुधा हलक्या कापडाचा, कमी निऱ्यांचा आणि स्पोरनविना असतो, त्यामुळे कमरेवरची गर्दी कमी. आखूड फेअर आइल कार्डिगन तिथे फार सुरेख दिसतं. बटणं उघडी ठेवली तर आतल्या साध्या ब्लाउजची उभी पट्टी नक्षीला मधोमध तोडते.

धुणं आणि ठेवणं

स्वेटर कोमट पाण्यात, लोकरीच्या साबणात, न पिळता. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढा आणि सपाट पसरून वाळवा. दोरीवर टाकलात तर तो लांबेल आणि कमरेचं सगळं गणित बिघडेल. किल्ट सारखा धुवायचा नसतोच. घातल्यावर ब्रशने झटका, हवेवर टांगा, डाग तेवढा ओल्या फडक्याने टिपा, आणि क्वचितच ड्रायक्लीनला द्या. टांगताना कमरेच्या दोन्ही टोकांना चिमटे. स्पोरनच्या मागच्या बाजूला धातूच्या खिळ्या असतील तर त्यावर मऊ कातड्याचा तुकडा लावून घ्या, एप्रनची लोकर तिथेच झिजते.

स्कॉटलंडहून शिक्षण संपवून हा जोड मुंबई-कोकणात घेऊन येणाऱ्यांनी पावसाळ्याची धास्ती धरावी. कसर मळलेल्या, घामट लोकरीवर आधी बसते, म्हणून ठेवण्यापूर्वी स्वेटर धुतलेला आणि किल्ट नीट साफ केलेला हवा, दोन्ही कोरडे ठाक. सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. किल्टच्या निऱ्या लांब कच्च्या टाक्यांनी अडकवून ठेवा, घड्या मोडणार नाहीत. ऑक्टोबरचं ऊन पडलं की दोन्ही बाहेर काढून सावलीत वारा द्या, आणि टाके तेव्हाच उसवू नका. किल्ट पुन्हा घालायचा दिवस ठरला की मगच.